माया संस्कृती : राजे, देव, बळी पुरे झाले, साधा माणूस कुठे दिसतो?

आडवाटेचा :
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. माया संस्कृतीबद्दल आपल्याकडे काहीही वाचायला घ्या, तीन गोष्टी ठरलेल्या. पिरॅमिड, नरबळी आणि २०१२ ला जग बुडणार होतं ते कॅलेंडर. म्युझियममध्ये गेलं तरी तेच, दालनात शिरल्या शिरल्या उंच दगडी स्तंभ, त्यावर डोक्यावर पिसांचा डोलारा घेतलेला राजा, पायाशी आवळून बांधलेला कैदी, आणि शेजारच्या पाटीवर राजा कुठल्या साली गादीवर बसला ते. भव्य आहे, नाकारत नाही. पण इ.स. २५० ते ९०० हा जो त्यांचा भरभराटीचा काळ सांगतात त्यात लाखो माणसं तिथे राहत होती, मका पेरत होती, पोरांवर ओरडत होती, ती कुठे गेली? विमानातून लेझर मारून जंगलाखालची जमीन बघतात ना, त्यात ग्वाटेमालाच्या पेतेन भागात ६० हजारांहून जास्त बांधकामं दिसली, २०१८ ला बातमी होती. त्यातली बहुतेक साधी घरंच असणार की.

तर प्रश्न असा, की भित्तिचित्रं, रंगवलेली भांडी, मातीच्या मूर्ती यातून तिथलं रोजचं जगणं खरंच कळतं का? की ते सगळं दरबारी फोटोसेशन आहे आणि आपण त्यावरून "माया लोक असे जगत" अशी वाक्यं ठोकतो? मला दुसरं वाटतंय. खोडून काढा.

झुंबर :
धाग्यात मयासुर आला का अजून? नसेल तर मी थांबते.

तिखटजाळ :
आला आला. मयसभा बांधली, पुढे कंत्राटं मिळेनात म्हणून मेक्सिकोला गेला. चला, हे उरकलं, आता कामाचं बोला.

धुळपाटी :
आडवाटेचा, आधी कालाकमुल बघा मग बोलू. मेक्सिकोच्या काम्पेचे राज्यात ऐन जंगलात हे माया शहर, ग्वाटेमालातल्या तिकाल शहराचं हाडवैरी. माया लोक जुनी इमारत सहसा पाडत बसत नसत, तिच्यावरच नवीन चढवायचे, त्यामुळे आतली जुनी कधीकधी शाबूत राहते. तिथल्या एका छोट्या पायऱ्यापायऱ्यांच्या इमारतीच्या पोटात २००४ मध्ये अशीच जुनी इमारत सापडली आणि तिच्या बाहेरच्या भिंतींवर चित्रं, साधारण सातव्या शतकातली. त्यात ना सिंहासन ना कैदी. एक बाई आतोले म्हणजे मक्याची पेज देतेय, समोरचा वाडगं तोंडाला लावून पितोय. दुसरीकडे तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, वाढणं चाललंय. कुणी तंबाखू घेऊन बसलंय, कुणी मीठ. बऱ्याच जणांच्या डोक्यावर रुंद काठाच्या टोप्या, उन्हातलं काम असणार. आणि मजा म्हणजे प्रत्येकाशेजारी अक्षरांत लिहिलंय, हा मीठवाला, हा तंबाखूवाला, ही आतोलेवाली, हा मडकीवाला. स्तंभांवर जिथे राजाची बिरुदं असतात तिथे इथे धंदा लिहिलाय.

सगळ्यात गाजलेलं चित्र दोन बायकांचं. एकीने आरपार दिसेल असं निळं वस्त्र घातलंय, अंगावर दागिने आहेत, ती दुसरीच्या डोक्यावर मोठा माठ चढवायला हात देतेय. दुसरीचं वस्त्र साधं. चिताऱ्याने निळ्या कापडातून आतलं अंग दिसतंय ते इतकं सहज काढलंय की दहा मिनिटं नुसतं बघत बसावं. आता सांगा हे दरबारी आहे का?

प्रा. झोपाळू :
आहे. म्हणजे असू शकतं. धुळपाटी, चित्रांबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर, पण सगळे त्याला "बाजार" म्हणून मोकळे होतात ते मला खटकतं. एकाही चित्रात कुणी मोबदला देताना दिसत नाही. कोकोच्या बिया मोजून हातावर ठेवतोय, बदल्यात कापड देतोय, काही नाही. नुसतं वाढणं आणि खाणं. सणाला राजाने रयतेला जेवू घातलं त्याची आठवण म्हणून रंगवलं असंही काही अभ्यासक म्हणतात. तसं असेल तर आडवाटेचा म्हणतात तेच खरं, फक्त राजा फ्रेमच्या बाहेर उभा आहे.

धुळपाटी :
@प्रा. झोपाळू, वाद माहितीये. पण त्या आवारात लांबच लांब बुटक्या इमारतींच्या रांगा आहेत, मंदिराच्या पटांगणात अशा रांगा कशाला लागतात? आणि समजा जेवणावळ असली, तरी तमाले कसं धरतात, माठ दोघींनी मिळून कसा उचलतात हे चिताऱ्याने कुठेतरी बघूनच काढलं ना. पैसे कुणी दिले यावरून ते खोटं ठरत नाही.

प्रा. झोपाळू :
खोटं कुठे म्हणतोय. निवडलेलं म्हणतोय.

उकडगरे :
वाचतेय. स्वयंपाकाबद्दल कुणी लिहिणार का? मेक्सिकन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तव्यावरची पोळी येते, ती तेव्हा होती का?

बोळक्यातली_गोष्ट :
@उकडगरे, भरभराटीच्या काळातल्या माया भांड्यांवर पोळी जवळजवळ दिसतच नाही. दिसतं ते तमाले. ताटात गोल गोल रचलेले, वर लालसर काहीतरी ओतलेलं. उत्खननातही त्या काळातले मातीचे तवे फार कमी मिळतात, म्हणजे चित्र आणि उकिरडा दोघं एकच सांगतायत, ते मका वाफवून खायचे. पाटा मात्र घरोघरी. पायांचा किंवा बिनपायांचा दगड, वर दोन हातांनी ओढायचा दुसरा दगड. मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवायचा, साल सुटली की धुवायचा, मग वाटायचा. हे रोज, आणि बाईनेच. सापडलेल्या सांगाड्यांत हातागुडघ्यांची झीज बघतात ती उगाच नाही.

सलाइनवाला :
त्या चुन्याबद्दल थोडं, डॉक्टर असल्याने राहवत नाही. मक्यात नायसिन हे जीवनसत्त्व असतं पण अशा रूपात अडकलेलं की पोटाला मिळत नाही, चुन्याने ते मोकळं होतं. युरोपने कोलंबसानंतर मका उचलला पण चुना तिथेच सोडून आले, त्यामुळे उत्तर इटलीत नुसता मका खाणाऱ्या गरिबांना पेलाग्रा व्हायचा, कातडी सोलवटते, जुलाब, शेवटी वेड लागतं. माया गृहिणीला नायसिन हे नाव माहीत नव्हतं पण पद्धत पक्की होती. (अवांतर : आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्यांतही पेलाग्रा दिसायचा, हैदराबादच्या पोषण संस्थेने त्यावर बरंच काम केलंय. कारण मात्र वेगळं.)

तिखटजाळ :
आणि मिरची विसरू नका. तुम्ही लोक ठेच्याला महाराष्ट्राची परंपरा म्हणता ती मिरची तिकडची, पोर्तुगिजांनी आणली. पेरू पण तिकडचा, पपई पण, सीताफळ पण. आपल्या परसातलं काय उरलं सांगा.

शेंगदाणा_चटणी :
शेंगदाणाही अमेरिकेचाच हो, पण दक्षिण अमेरिकेचा, तेवढा मायांना देऊ नका. बाकी कर्नाटकात सोमनाथपूरला होयसळ देवळात तेराव्या शतकातल्या मूर्तींच्या हातात मक्याचं कणीस आहे म्हणतात ते काय प्रकरण? म्हणजे कोलंबसाच्या आधीच मका आला होता?

प्रा. झोपाळू :
एका अमेरिकन अभ्यासकाने जोरात मांडलं होतं ते. दुसरी बाजू अशी की हातात आहे ते मुक्ताफळ, मोत्यांनी मढवलेलं काल्पनिक फळ, बिजोऱ्याच्या जातीचं. मूर्तीवरून पीक सिद्ध होत नाही. त्या काळातला मक्याचा जळका दाणा इथल्या मातीत सापडला आणि सगळ्यांनी मान्य केला तर बघू. गंमत म्हणजे आडवाटेचांचा मूळ प्रश्न हाच आहे, कोरीव कामावरून रोजचं जगणं किती सिद्ध होतं.

झुंबर :
झोपाळू सर जागे झाले की धागा रुळावर येतो.

टेक्सासकर :
आम्ही इथले देशी लोक सुट्टीत कानकुनला जातो, तिथून बसने चिचेन इत्झा हे जुनं माया शहर बघायला, ठरलेला कार्यक्रम. आमचा गाईड सगळा वेळ बळी, बळी आणि बळी. बॉल कोर्टवर, म्हणजे त्यांच्या चेंडूच्या खेळाच्या मैदानावर, कोण मरायचं, जिंकलेला की हरलेला, यावर अर्धा तास, उन्हात. माझ्या मुलीने विचारलं चेंडू कशाचा होता, तर म्हणे रबराचा, पुढे चला. अरे तोच तर भारी भाग आहे! एका झाडाचा चीक आणि एका वेलीचा रस मिसळला की तो उसळणारा रबर व्हायचा, ही युक्ती मेसोअमेरिकेत, म्हणजे मेक्सिको आणि त्याच्या खालच्या पट्ट्यात, साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून. हे मला घरी येऊन वाचावं लागलं.

उंदीरमामा :
माया भांड्यांवर एनिमा घेतानाची चित्रं आहेत हे खरं का? एका मित्राने विचारायला सांगितलंय.

बोळक्यातली_गोष्ट :
@उंदीरमामा मित्राला सांगा खरं आहे, एकदोन नाही, बरीच आहेत. पिचकारी, माठ, सेवेला बायका, सगळी तयारी. त्यातून मादक पेय घ्यायचे असं बहुतेकांचं मत. विधी होता की पार्टी ते भांड्यावर लिहिलेलं नाही.

आता भांड्यांवर काय लिहिलेलं असतं ते. उंच दंडगोल पेल्यांच्या काठाला अक्षरांची एक रांग फिरलेली असते, जवळजवळ सगळ्यांवर तीच. मायकल को नावाच्या अभ्यासकाच्या १९७३ मध्ये लक्षात आलं की ही ठराविक रांग आहे. त्याला वाटलं मृतांसाठीचं स्तोत्र वगैरे असेल. पुढे अक्षरं वाचता यायला लागली तेव्हा निघालं काय, तर हे भांडं रंगवलं गेलं, हा अमक्याचा पेला, कोको प्यायचा. ग्वाटेमालातल्या रिओ आसुलच्या थडग्यात १९८४ ला एक माठ सापडला, झाकण पीळ देऊन बसवायचं, वर कडी, अंगावर कोकोचं अक्षर. माया लिपीचा अभ्यासक डेव्हिड स्टुअर्टने ते वाचलं आणि आतल्या गाळाची तपासणी झाली चॉकलेटच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत, हर्शीच्या. कोकोच निघाला.

तेव्हा हे "दरबारी" आहे मान्यच, कारण असे पेले गरिबाच्या घरचे नव्हेत. पण दरबारालाही रोजचा दिवस असतोच ना. प्रिन्स्टनच्या म्युझियममध्ये एक पेला आहे, म्हातारा देव सिंहासनावर बसलाय, भोवती पाच जणी, त्यातली पार मागची एक उभी राहून एका भांड्यातून खाली ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात धार सोडतेय, फेस यायला. सिंहासनाखाली ससा बसलाय, वही उघडून, लिहितोय! विषय पुराणातला आणि शेजारी शिरच्छेदही चाललाय, पण धार उंचावरून सोडायची हे चिताऱ्याने काही पुराणातून घेतलेलं नाही.

आणि हिशोब. मेक्सिकोतल्या बोनाम्पाक या माया शहराच्या भित्तिचित्रांत, ही साधारण इ.स. ७९० ची, १९४६ ला बाहेरच्या जगाला कळली, सिंहासनाजवळ गाठोडी ठेवली आहेत आणि एकावर लिहिलंय पाच "पी" कोको. एक पी म्हणजे ८०००. म्हणजे ४० हजार बिया, मांडलिकांकडून आलेल्या. आता या बिया कुणी तोडल्या, वाळवल्या, मोजल्या आणि पाठीवर घालून आणल्या? ओझ्याला जनावर नव्हतं तिकडे, घोडा नाही बैल नाही. कपाळावर पट्टा लावून माणसंच वाहायची. गाठोडं रंगवलंय, वाहणारा नाही.

आडवाटेचा :
बोळक्यातली_गोष्ट, सुंदर प्रतिसाद, पण शेवटची दोन वाक्यं माझ्याच बाजूने गेली बरं का :)

मातीचेपाय :
सगळे भांड्यांवर इतके खूश आहेत म्हणून थोडं कडू बोलतो. जगभरातल्या म्युझियममधली आणि खासगी संग्रहातली माया भांडी, त्यातली किती उत्खननात सापडलेली आहेत? भरपूर माल थडगी फोडून आलाय, विशेषतः १९६० नंतर. रात्री जंगलात खंदक खणायचा, पेला काढायचा, सांगाडा आणि बाकीचं फेकून द्यायचं. जस्टिन केर यांनी फिरत्या भांड्याचा सलग पट्टीसारखा फोटो काढायचं तंत्र वापरून शेकडो भांडी नोंदवली, ते फोटो नसते तर आज आपण इथे बोलत नसतो, त्यांचं दप्तर आता वॉशिंग्टनला डम्बार्टन ओक्स या संशोधन संस्थेत आहे. पण त्यातल्या कितीतरी भांड्यांबद्दल आपल्याला एवढंच माहीत, की ती आहेत. कुठल्या गावची, बाईच्या थडग्यातली की पुरुषाच्या, शेजारी काय होतं, सगळं गेलं. शिवाय दुकानदाराने भाव यावा म्हणून पुसट जागी रंग भरून "दुरुस्त" केलेली वेगळीच. चेहऱ्यावरचा भाव बघून आपण हळवं व्हायचं आणि तो भाव १९७५ सालच्या ब्रशचा!

झुंबर :
बाप रे. आता प्रत्येक ससा संशयास्पद.

मातीचेपाय :
सशाला सोडा, तो अस्सल मानतात.

सुतकताई :
बायकांबद्दल बोलायचं तर पाटा आणि चूल एवढ्यावरच नका थांबू. काम्पेचेच्या किनाऱ्यावर हाइना नावाचं बेट आहे, तिथल्या थडग्यांत वीतभर उंचीच्या मातीच्या मूर्ती मिळतात, पुष्कळ तर शिट्ट्या किंवा खुळखुळे आहेत. त्यात एक विणणारी बाई आहे, बहुतेकांनी फोटो पाहिला असेल. मागाचं एक टोक झाडाच्या खोडाला बांधलेलं, दुसरा पट्टा तिच्या कमरेला, ताण हवा तेवढा पाठ मागे रेलून द्यायचा. खोडावर पक्षी बसलाय. हाच माग ग्वाटेमालात आजही वापरतात, मी स्वतः थोडं विणकाम करते म्हणून सांगते, असा कमरेचा माग लावून बसलं की पाठीचं काय होतं ते विणणाऱ्यालाच कळतं, आणि मूर्तिकाराने बसण्याची ढब अचूक पकडली आहे. ज्याने घडवली त्याने हे अंगणात पाहिलेलं होतं.

आणि उलटा प्रकारही बघा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये याश्चिलान या माया शहरातली दारावरची एक कोरीव पट्टी आहे, त्यावरचा प्रसंग इ.स. ७०९ चा. राणी काबाल शोक गुडघ्यावर बसून जिभेतून काटेरी दोरी ओढतेय, राजा वर मशाल धरून उभा. सगळे त्या रक्ताकडे बघतात, बघणारच. तुम्ही तिचं वस्त्र बघा. चुनखडीच्या दगडात कापडाची वीण, चौकटींची नक्षी, काठ, झालर, सगळं कोरलंय. तिथल्या दमट हवेत त्या काळचं कापड जवळजवळ काहीच टिकलं नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांना हाच पुरावा. बळीच्या चित्रात विणकाम सापडतं ते असं. बाकी साध्या घरांत मिळतात त्या चातीच्या मातीच्या चकत्या आणि हाडाच्या सुया, त्या कुठल्या दालनात मधोमध ठेवत नाहीत, कोपऱ्यातल्या कपाटात खालच्या फळीवर असतात.

उकडगरे :
सुतकताई, निळ्या कापडाचं सांगा ना, कालाकमुलच्या. नीळ होती त्यांच्याकडे?

सुतकताई :
नीळ होती, त्यांची स्वतःची जात. भित्तिचित्रांतला निळा मात्र खास. नीळ आणि पालिगोर्स्काइट नावाची एक पांढरी माती एकत्र तापवून तो करायचे, मग ना उन्हाने उडत ना आम्लाने. म्हणून हजार-बाराशे वर्षांनी पण तसाच आहे.

टेक्सासकर :
+१ सुतकताई. खालच्या फळीचं एकदम पटलं.

मातीचेपाय :
आता मूळ प्रश्नाकडे. आडवाटेचा, तुम्ही कलेत साधा माणूस शोधताय म्हणून मिळत नाहीये, राखेत शोधा. एल साल्वाडोरमध्ये होया दे सेरेन म्हणून जागा आहे. १९७६ मध्ये धान्याच्या कोठारांसाठी बुलडोझर जमीन सपाट करत होता, त्याने एका मातीच्या घराचा कोपरा उडवला. पेसन शीट्स या पुरातत्त्ववाल्याने १९७८ ला खणायला घेतलं. साधारण इ.स. ६०० च्या सुमाराला जेमतेम ६०० मीटरवर जमीन फाटून ज्वालामुखी उसळला आणि गाव चारपाच मीटर राखेखाली गेलं. माणसं पळाली असावीत, घरांत मृतदेह मिळाले नाहीत. वस्तू न्यायला मात्र वेळ नव्हता.

त्यामुळे काय मिळालं बघा. प्रत्येक कुटुंबाचं झोपायचं घर वेगळं, कोठी वेगळी, स्वयंपाकघर वेगळं. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर. जेवणाची भांडी खरकटीच, घाईत बोटांनी पुसून खाल्ल्याच्या रेघा आत तशाच. झोपायच्या चटया अजून गुंडाळलेल्या. यावरून म्हणतात की संध्याकाळी जेवणं होऊन झोपायच्या आधीची वेळ असावी. शेतात कणसं पिकल्यावर ताटं मोडून वाकवलेली, म्हणजे ऑगस्टच्या आसपास. रोपं कुजून गेली पण राखेत त्यांची पोकळी राहिली, त्यात प्लास्टर ओतलं की अख्खं मक्याचं ताट मिळतं. कोठीत दोरीने बांधलेलं बदक. मिरच्या टांगलेल्या. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीच्या काचेची पाती, वस्तऱ्यापेक्षा धारदार, छपराच्या गवतात खोचून ठेवलेली, का तर पोरांच्या हाती लागू नयेत म्हणून असावं. घामाची अंघोळ करायची घुमटाची खोली, दहाबारा जण मावतील अशी. एका घरात ७० पेक्षा जास्त भांडी, आणि त्यातली कितीतरी रंगीत, नक्षीची. शेतकऱ्याच्या घरी! ती गावात बनलेली नाहीत, बाहेरून आणलेली. म्हणजे "गरिबाकडे नक्षीचं भांडं नव्हतंच" हेही सरसकट खरं नाही, दरबारी पेला नसेल, पण सुंदर वाडगं होतं.

धुळपाटी :
ह्या प्रतिसादासाठी धागा वर राहायला हवा. त्यात भोपळ्याच्या रंगवलेल्या वाडग्यांची भर घाला, भोपळा कुजला पण रंगाचा पापुद्रा राखेला चिकटून राहिला.

प्रा. झोपाळू :
सगळं बरोबर, एकच टाचणी. सेरेनचे लोक माया होते का हे पक्कं नाही. माया प्रदेशाच्या आग्नेय कडेला आहे ते, वेगळी भाषा बोलणारे असू शकतात. आणि एक गाव, एक संध्याकाळ. त्यावरून तिकालच्या शेजारच्या शेतकऱ्याचं घर ठरवणं म्हणजे परत तेच.

मातीचेपाय :
सर, मग तुम्हाला आग्वातेका चालेल. पक्कं माया, ग्वाटेमाला, साधारण इ.स. ८१० ला शत्रूने हल्ला करून जाळलं आणि लोक सामान टाकून पळाले. ताकेशी इनोमाता यांनी खणलं. तिथे शहराच्या मध्यावरच्या बड्या लोकांच्या घरांत रंग कुटायचे छोटे खल, कोरीव कामाच्या दगडी कुऱ्हाडी, शिंपल्यांचे अर्धवट दागिने, आणि त्याच घरात पाटे, साठवणीचे माठ, चातीच्या चकत्या. म्हणजे लेखनिक, मूर्तिकार ही बडी मंडळीच होती आणि घरीच बसून काम करत होती, बाजूच्या खोलीत बायको विणतेय, मका वाटला जातोय. चितारी दरबाराचा होता हे खरं, पण त्याच्या कानावर पाट्याचा आवाज रोज पडत होता.

प्रा. झोपाळू :
हे चालेल.

झुंबर :
नोंद घ्या, सरांना काहीतरी चाललं.

सलाइनवाला :
स्पॅनिश लोकांनी लिहून ठेवलेलं काही कामाचं नाही का?

बोळक्यातली_गोष्ट :
आहे ना, बिशप दिएगो दे लांदा. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातल्या बायका काय शिजवतात, कापड कसं विणतात, बाळाच्या कपाळाला फळ्या बांधून डोकं चपटं कसं करतात, सगळं त्याने १५६६ च्या सुमारास लिहिलं. आणि ह्याच बाबाने १५६२ मध्ये मानी गावात त्यांच्या पोथ्या जाळल्या. आज माया पोथ्या चारच उरल्यात. त्यातली माद्रिदची उघडली तर पानंच्या पानं मधमाश्यांची, पोळी, मध काढणं, त्याचे मुहूर्त. डंख न मारणारी माशी, पोकळ ओंडक्यात पाळायची, दोन्ही टोकांना दगडी चकती लावून बंद. ओंडके कुजले, चकत्या सापडतात. युकातानात ती माशी आजही तशीच पाळतात.

सुतकताई :
आणि ते "लोक गेले कुठे" हा जो सूर धाग्याच्या सुरुवातीला लागला तो मला जरा टोचला होता. गेले नाहीत हो. ग्वाटेमाला, चियापास, युकातानमध्ये लाखोंनी आहेत, तीसच्या आसपास माया भाषा बोलतात, रिगोबेर्ता मेंचू यांना १९९२ चं शांततेचं नोबेल मिळालं त्या किचे माया. विणकर बायका आपल्या नक्षीची नक्कल करून फॅशनवाले विकतात म्हणून कोर्टात भांडतायत. हाइनाच्या मूर्तीत काय चाललंय हे अभ्यासकांना नीट कळलं ते यांना विणताना बघून.

आडवाटेचा :
सुतकताई, मी शहरांतल्या माणसांबद्दल म्हणत होतो, पण टोचलं ते योग्यच टोचलं.

माझं मत मात्र अजून तसंच आहे, थोडं सरकलंय एवढंच. चित्र एकटं असेल तर मी त्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. तमाले ताटात दिसतात आणि तवे उकिरड्यात मिळत नाहीत, ह्या जोडीवर ठेवतो. हाइनाची विणकर आणि खालच्या फळीवरची चकती ह्या जोडीवर ठेवतो. कालाकमुलच्या बाजाराला अजून जोडीदार मिळायचा आहे.

धुळपाटी :
मिळेल. आवाराची माती तपासतात हल्ली, जिथे वर्षानुवर्षं अन्न विकलं गेलं तिथे फॉस्फरस वाढलेला असतो. बाकी माठ उचलणाऱ्या दोघींपैकी मला साध्या कपड्यातली जास्त आवडते हे जाता जाता नोंदवते. निळीकडे सगळेच बघतात.

टेक्सासकर :
पुढच्या सुट्टीत कानकुन रद्द, एल साल्वाडोर. बायकोला अजून सांगितलं नाहीये. तिथे बघायला काय आहे नक्की, घरं उघडी ठेवलीत का?

मातीचेपाय :
वर मोठं छप्पर घातलंय, घरं खाली खड्ड्यात, तुम्ही कडेने बघायचं. जागेवर छोटं म्युझियम पण आहे. जागतिक वारसा यादीत १९९३ पासून. जवळच सान आंद्रेसचे पिरॅमिड आहेत, मुलीला तेही दाखवा, पण आधी सेरेन करा, सकाळी डोकं ताजं असताना.

उंदीरमामा :
सेरेनच्या गवती छपरात उंदरांची हाडं सापडली आहेत हे इतक्या विद्वान प्रतिसादांत एकानेही सांगितलं नाही. बदकाला जागा मिळाली, सशाला मिळाली, माशीला मिळाली. जाहीर निषेध.

तिखटजाळ :
उंदीरमामा, खरकटी भांडी तशीच ठेवली तर उंदीर येणारच, त्यात उत्खनन कसलं.